कॅल्कच्या मॅन्युअलमधलं प्रत्येक उदाहरण दाबून पाहताना

ईमॅक्स हा टेक्स्ट एडिटर वापरणाऱ्या अनेकांना त्याच्या आत एक कॅल्क्युलेटर आहे हेच माहीत नसतं. ज्यांना माहीत असतं, तेही बेरीज-वजाबाकीच्या पुढे सहसा जात नाहीत. त्याचं नाव कॅल्क. डेव्ह गिलेस्पी यांनी तो १९९० च्या सुमारास लिहिला आणि २००७ मध्ये आलेल्या ईमॅक्स २२ पासून तो एडिटरसोबतच मिळतो. अपूर्णांक, तारखा, एककं, मॅट्रिक्स, समीकरणं, अगदी कलनापर्यंत सगळं त्यात आहे. या सगळ्याचं मॅन्युअल मात्र एकाच फाइलमध्ये आहे आणि ती फाइल पस्तीस हजारांहून जास्त ओळींची आहे. गेले काही महिने मी त्यातले काही भाग तपासून अद्ययावत करायचं काम करते आहे. ते कसं चालतं हे सविस्तर लिहिते, कारण अशा कामात उतरावंसं वाटणारे बरेच जण ‘आपल्याला प्रोग्रामिंग येत नाही’ एवढ्यावरून मागे थांबतात. या कामाला प्रोग्रामिंगपेक्षा चिकाटी जास्त लागते.

मला यात ओढलं ते एका नोंदीने. ईमॅक्सच्या प्रत्येक आवृत्तीबरोबर ‘न्यूज’ नावाची एक फाइल येते. काय नवीन आलं, काय बदललं, ते त्यात लिहिलेलं असतं. एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या २८ व्या आवृत्तीच्या न्यूजमध्ये कॅल्कबद्दल लिहिलं होतं की आता अपूर्णांकासाठी असलेली खास तिरकी रेघ त्याला समजते. त्याच नोंदीत पुढे असंही होतं की ½ सारखी तयार अपूर्णांक-अक्षरं कॅल्कला २००४ पासूनच समजतात, पण ही गोष्ट न्यूजमध्ये किंवा मॅन्युअलमध्येही कधी आलेली दिसत नाही. इतक्या सरळपणे ते लिहिलेलं पाहून मला लिहिणाऱ्याबद्दल आदर वाटला. आणि लगेच दुसरा विचार आला: जवळजवळ अठरा वर्षं ही सोय समोर होती, पण ती फक्त ज्याने सहज ½ टाइप करून पाहिलं त्यालाच सापडली. बाकीचे सगळे कॅल्कच्या पद्धतीने १:२ लिहित राहिले. जे मॅन्युअलमध्ये नाही, ते वापरणाऱ्याच्या दृष्टीने त्या प्रोग्राममध्येच नसतं.

काम शोधायला याच न्यूज फाइलची मोठी मदत होते. नवी आवृत्ती तयार होत असताना प्रत्येक नोंदीच्या डोक्यावर खुणा असतात. तीन अधिक चिन्हं म्हणजे मॅन्युअलमध्ये योग्य तो बदल झालेला आहे. तीन उण्या रेघा म्हणजे मॅन्युअलमध्ये काही बदलायची गरज नाही. ज्या नोंदीवर यातलं काहीच नाही, तिथे कोणीतरी बसून ठरवायचं आहे. नवख्या माणसाला सुरुवात करायला यापेक्षा स्पष्ट जागा मी तरी दुसऱ्या कुठल्या प्रकल्पात पाहिलेली नाही.

सोर्स, म्हणजे मूळ फाइली, उतरवून घेणं, गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत आपली शाखा काढणं यात सांगण्यासारखं विशेष काही नाही. फाइल मात्र नीट समजून घ्यावी लागते. मॅन्युअल टेक्सइन्फो या पद्धतीत लिहिलेलं आहे. एकाच मजकुरातून एडिटरच्या आत वाचायची प्रत, वेबवरची प्रत आणि छापायची प्रत निघते. त्यासाठी मजकुरात जागोजागी @ ने सुरू होणाऱ्या आज्ञा असतात: हे बटण आहे, हा प्रोग्रामचा शब्द आहे, हे उदाहरण आहे, इथून नवा विभाग सुरू. आता गंमतशीर योगायोग असा, की कॅल्कमध्ये तास-मिनिटं-सेकंद लिहायलाही @ च वापरतात. ५@ ४५' म्हणजे पाच तास पंचेचाळीस मिनिटं. त्यात अर्धा तास मिळवला की ६@ १५' ०" येतं. मॅन्युअलच्या फाइलमध्ये मात्र यातला प्रत्येक @ दोनदा लिहावा लागतो, नाहीतर टेक्सइन्फो त्याला आज्ञा समजतं. महिरपी कंसाचंही तसंच, त्याच्या आधी @ हवा. त्यामुळे वाचकाने काय टाइप करायचं आणि फाइलमध्ये काय लिहिलंय हे दोन वेगळे मजकूर असतात, आणि फाइल वाचून उदाहरण तपासता येत नाही. आधी मेकइन्फो या प्रोग्रामने वाचायची प्रत बनवायची, ती वाचकासारखी उघडायची आणि तिच्यावरून टाइप करायचं. मी हा नियम पहिल्या दिवसापासून पाळला.

दुसरा नियम स्वच्छ सुरुवातीचा. रोज कॅल्क वापरणाऱ्याच्या मशीनवर त्याच्या सवयीची सेटिंग्ज असतात. कोणी अचूकता वाढवून ठेवलेली असते, कोणी भागाकाराचं उत्तर अपूर्णांकात मागितलेलं असतं. मॅन्युअल वाचणाऱ्या नव्या माणसाकडे यातलं काही नसतं. त्याला बारा अंकांची मूळ अचूकता मिळते: दोनचं वर्गमूळ १.४१४२१३५६२३७, एक भागिले तीन ०.३३३३३३३३३३३३. म्हणून ईमॅक्स आपली सुरुवातीची फाइल न वाचता उघडायचा. एवढं पुरत नाही, कारण कॅल्कची जपून ठेवलेली सेटिंग्ज वेगळ्या फाइलमध्ये असू शकतात. तीही बाजूला करायची. आणि प्रत्येक विभागाच्या सुरुवातीला कंट्रोल-एक्स, स्टार, शून्य दाबून कॅल्क मूळ स्थितीत आणायचा. कंटाळवाणं वाटतं, पण आपल्या पडद्यावरचं उत्तर आणि वाचकाच्या पडद्यावरचं उत्तर एकच असेल याची दुसरी खात्री नाही.

मग उदाहरणं. कॅल्क स्टॅकवर, म्हणजे एकावर एक रचलेल्या आकड्यांवर, चालतो. आधी आकडे ठेवायचे, मग क्रिया सांगायची. दोन, एंटर, तीन, अधिक, की पाच. मॅन्युअलमध्ये हे दाखवायची पद्धत फार सुंदर आहे. स्टॅकची चित्रं शेजारी-शेजारी उभी असतात, डावीकडून उजवीकडे, आणि प्रत्येक चित्राच्या खाली ते घडवणारी बटणं. डोळा एका ओळीत सगळा प्रवास पाहतो. पण ही चित्रं म्हणजे अक्षरांची आणि रिकाम्या जागांची हाताने केलेली मांडणी आहे. एखाद्या उत्तरात एक अंक वाढला की त्याच्या उजवीकडचे सगळे रकाने सरकतात, खालच्या बटणांची ओळ भलत्याच चित्राखाली जाते, आणि वाचकाला वाटतं की वजाबाकीच्या बटणाने वर्गमूळ निघालं. एक आकडा बदलायला मला बऱ्याचदा आठ-दहा ओळी हलवाव्या लागल्या. शिवाय सगळ्यात लांब ओळ छापील पानाच्या रुंदीत मावायला हवी. पडद्यावर नीट दिसलेलं उदाहरण छापील प्रतीत उजव्या समासाबाहेर गेलेलं दिसतं, तेव्हा मधली चित्रं कुठे तोडायची हा निर्णय घ्यावा लागतो. मी दर वेळी तिथे तोडलं जिथे वाचक श्वास घेईल, म्हणजे एक क्रिया पूर्ण झाल्यावर.

शिकवणीच्या भागात याहून अवघड गोष्ट आहे. तिथली उदाहरणं एकमेकांत गुंतलेली आहेत. मागच्या उदाहरणाचं उत्तर स्टॅकवर तसंच ठेवून पुढचं सुरू होतं. काही आकडे चलांमध्ये जपून ठेवलेले असतात आणि पुढे केव्हातरी परत काढले जातात. शेवटी सगळ्या स्वाध्यायांची उत्तरं स्पष्टीकरणासह आहेत आणि तीही याच आकड्यांवर उभी आहेत. विणकामातला एक टाका सोडवला की पुढची ओळ उसवते, तसं हे आहे. म्हणून शिकवणीत एखादं वाक्य जास्त स्पष्ट करायचं असेल तर मी शब्द बदलते, आकड्यांना हात लावत नाही. आकडा बदलणं अटळ असेल तर त्या जागेपासून शिकवणीच्या शेवटापर्यंत आणि मग उत्तरांमध्ये, सगळं पुन्हा दाबून पाहायचं. मधला रस्ता नाही.

सगळ्यात जास्त वेळ मी तारखांवर घालवला, आणि त्याचं समाधानही सगळ्यात जास्त आहे. कॅल्कमध्ये दोन तारखांची वजाबाकी करता येते, तारखेत दिवस मिळवता येतात, कारण आत प्रत्येक तारीख म्हणजे एक दिवसक्रमांक असतो. १० जानेवारी १९९१ च्या सकाळी सहाचा क्रमांक ७२६८४२.२५. पाव का, तर सहा तास म्हणजे दिवसाचा चौथा भाग. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या २४.४ आवृत्तीत या मोजणीत बदल झाला. त्याआधी कॅल्क १४ सप्टेंबर १७५२ पूर्वीच्या तारखा ज्युलियन दिनदर्शिकेप्रमाणे धरायचा. ब्रिटनने त्या वर्षी दिनदर्शिका बदलली आणि २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर उजाडला, त्याला धरून ती सोय होती. २४.४ पासून सगळ्याच तारखा ग्रेगोरियन, म्हणजे आजच्या दिनदर्शिकेप्रमाणे, धरल्या जातात आणि दिवस क्रमांक १ म्हणजे इसवी सन १ मधला १ जानेवारी. ज्याला जुना हिशेब हवा, त्याच्यासाठी ‘कॅल्क-ग्रेगोरियन-स्विच’ हे सेटिंग आहे.

हे वर्णन वाचायला पुरेसं वाटतं. पण वाचकाला नेमका फरक काय पडतो हे मला आकड्यात पाहायचं होतं. म्हणून मी १४ सप्टेंबर १७५२ मधून २ सप्टेंबर १७५२ वजा केला. उत्तर १२. मग ते सेटिंग १७५२ वर ठेवलं, कॅल्क पुन्हा सुरू केला, तीच वजाबाकी केली. उत्तर १. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, प्रश्न कुठल्या दिनदर्शिकेचा आहे एवढंच. आणखी एक गोष्ट पाहिली. २ सप्टेंबर १७५२ हा ब्रिटनमध्ये बुधवार होता. मूळ सेटिंगमध्ये कॅल्क त्याच तारखेपुढे शनिवार दाखवतो. जुनी पत्रं, नोंदवह्या किंवा वंशावळीवर काम करणारा कोणी हा वार पाहून कॅल्क चुकतोय असं समजेल, आणि तसं समजणं अगदी साहजिक आहे. स्पेन, इटलीसारख्या देशांतल्या नोंदी असतील तर बदलाची तारीख पुन्हा वेगळी: तिथे ४ ऑक्टोबर १५८२ नंतर १५ ऑक्टोबर आला. म्हणून मी त्या विभागासाठी एक छोटं उदाहरण लिहिलं. एकच वजाबाकी, दोन सेटिंग्ज, दोन उत्तरं, आणि कोणी कुठलं सेटिंग निवडावं याचं एक वाक्य.

तपमानाचं उदाहरण याच जातीचं. यू-सी (आधी यू, मग सी दाबायचं) ही आज्ञा एकक बदलते. पाच फूट सेंटिमीटरमध्ये मागा, १५२.४ मिळतात. त्याच विश्वासाने कोणी २० अंश सेल्सियस फॅरनहाइटमध्ये मागतो आणि उत्तर येतं ३६. हवामानाचा विचार करणाऱ्याला ६८ अपेक्षित असतं. यू-सी तपमानातला फरक बदलते: वीस सेल्सियस अंशांची वाढ म्हणजे छत्तीस फॅरनहाइट अंशांची वाढ. प्रत्यक्ष तपमान बदलायला यू-टी ही वेगळी आज्ञा आहे आणि ती ६८ देते. दोन्ही आज्ञा मॅन्युअलमध्ये आहेतच. पण घाईत असलेला माणूस पहिल्या आज्ञेपाशी थांबतो, त्याला काहीतरी उत्तर मिळालेलं असतं. म्हणून अशा ठिकाणी दुसरीकडचा नुसता संदर्भ देऊन भागत नाही, ३६ आणि ६८ हे दोन आकडे एकाच परिच्छेदात शेजारी दिसायला हवेत असं माझं ठाम मत झालं आहे.

अशा जागा आणखी आहेत. सूत्र टाइप करून ६/२*३ दिलं तर कॅल्क १ सांगतो, कारण त्याच्या नेहमीच्या पद्धतीत गुणाकार भागाकाराच्या आधी होतो, म्हणजे सहा भागिले सहा. बाकी बहुतेक ठिकाणी याचं उत्तर ९ येतं. मॅन्युअल हे स्वच्छपणे सांगतं. आणि ज्या अपूर्णांकाच्या रेघेने मला इथे आणलं तिचंही असंच: १⁄३ असं खास रेघेने लिहिलं तर १:३ हा अचूक अपूर्णांक मिळतो, १/३ असं साध्या रेघेने लिहिलं तर ०.३३३३३३३३३३३३. छापील पानावर या दोन रेघा ओळखू येत नाहीत. तिथे अक्षराचा युनिकोड क्रमांकच लिहावा लागतो, दिसण्यावर सोडून चालत नाही.

मजकूर लिहून झाला म्हणजे काम झालं असं इथे होत नाही. सूचीचा भाग राहतो, आणि तो भाग बाहेरून दिसतो त्याहून खूप महत्त्वाचा आहे. कॅल्कमध्ये एच-के दाबून एखादं बटण दाबलं की मॅन्युअल थेट त्या बटणाच्या वर्णनापाशी उघडतं. हे कसं होतं? कॅल्क मॅन्युअलच्या सूचीत ते बटण शोधतो. म्हणजे सूचीतली नोंद मागच्या पानांवरची सजावट नाही, प्रोग्राम ती वाचतो. परिच्छेद कितीही चांगला लिहा, त्याच्या आधी बटणाची नोंद नसेल तर एच-के दाबणाऱ्याला तो परिच्छेद सापडणारच नाही. बटणांची सूची वेगळी, आज्ञांची वेगळी, सूत्रात वापरायच्या फलनांची वेगळी, आणि संकल्पनांची वेगळी. शेवटच्या सूचीत मी जास्त जीव ओतला. ज्याला ‘कॅल्क-ग्रेगोरियन-स्विच’ हे नाव माहीत नाही तो ‘ज्युलियन’ शोधेल, ‘जुन्या तारखा’ शोधेल. त्याच्या तोंडचा शब्द सूचीत असला पाहिजे. मॅन्युअलच्या शेवटी प्रत्येक आज्ञेची एकेक ओळ असलेला सारांशही आहे. आज्ञेच्या वागण्यात फरक पडला असेल तर तिथेही पाहून यायचं.

सूत्रं असलेल्या विभागात आणखी एक पायरी असते. छापील प्रतीसाठी सूत्र टेक या छपाईच्या प्रणालीच्या भाषेत लिहिलेलं असतं, पडद्यासाठी साध्या अक्षरांत, आणि दोन्ही फाइलमध्ये एकाखाली एक असतात. एक बदललं की दुसरं बदलायचंच. मी म्हणून शेवटी पीडीएफ आणि एडिटरमधली प्रत शेजारी-शेजारी उघडून प्रत्येक बदललेला विभाग दोन्हीकडे वाचला.

पाठवायच्या वेळचे नियम छोटे आहेत, पण त्यांच्यामागे विचार आहे. वाक्य संपलं की पूर्णविरामानंतर दोन रिकाम्या जागा द्यायच्या, म्हणजे एडिटरला वाक्याचा शेवट कुठे आणि संक्षेपातला बिंदू कुठे हे कळतं. कमिटच्या, म्हणजे बदल नोंदवतानाच्या, संदेशात फाइलचं नाव, कंसात विभागाचं नाव आणि मग काय बदललं ते. कारणांचं पाल्हाळ नको. बदल साधारण पंधरा ओळींहून मोठा असेल तर फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनकडे प्रताधिकार सोपवण्याचे कागद भरावे लागतात. दिनदर्शिकेचं उदाहरण आणि तपमानाचा परिच्छेद मिळून ती मर्यादा ओलांडत होते, म्हणून मी ते कागद आधीच मागवून सही करून पाठवले. ज्यांना पुढेही काम करायचंय त्यांनी हे सुरुवातीलाच करून टाकावं, म्हणजे तयार पॅच, म्हणजे पाठवायचा बदल, त्यासाठी अडून राहत नाही.

पॅच तपासणाऱ्यांशी एका वाक्यावरून चांगली चर्चा झाली. तारखांच्या विभागात मी ‘२४.४ पूर्वी वेगळं होतं’ असं लिहिलं होतं. त्यांचं म्हणणं, मॅन्युअल वर्तमानकाळात बोलतं, आज काय होतं ते सांगतं. काय बदललं त्याची जागा न्यूजमध्ये. तत्त्व म्हणून मला हे पूर्ण पटतं. दर आवृत्तीचा इतिहास मॅन्युअलमध्ये साठत गेला तर वाचकाला आजचं उत्तर शोधायला मागच्या सगळ्या थरांमधून जावं लागेल. पण तारखांच्या बाबतीत मी माझी बाजू मांडली. ज्याच्या जुन्या फाइलमध्ये आधीच्या पद्धतीने काढलेले दिवसक्रमांक पडलेले आहेत, त्याच्यासाठी ते वाक्य आजचीच माहिती आहे. तो न्यूज वाचायला जाणार नाही, कारण काहीतरी बदललंय हेच त्याला माहीत नाही. शेवटी वाक्य राहिलं, विभागाच्या सुरुवातीला नाही तर अगदी शेवटी, एका ओळीत. तिथेच ते शोभतं, हेही मला मान्य आहे.

आता एककांचा कोष्टक-भाग घेतला आहे. २० मे २०१९ पासून एसआय या आंतरराष्ट्रीय एकक पद्धतीत प्लांकचा स्थिरांक ६.६२६०७०१५ × १०⁻³⁴ आणि ॲव्होगाड्रोचा ६.०२२१४०७६ × १०²³ हे आकडे व्याख्येनेच अचूक ठरलेले आहेत. तिथे मोजमापातली अनिश्चितता उरलेली नाही. स्थिरांक वापरणारं प्रत्येक उदाहरण शोधायचं, त्याचं बारा अंकी उत्तर पुन्हा काढायचं, रकाने जुळवायचे. तपमानाच्या परिच्छेदाची सूचीतली नोंद मी पहिल्यांदा प्रत बनवली तेव्हाच एच-के ने तपासून घेतली, यू-टी दाबल्यावर मॅन्युअल बरोबर जागी उघडलं. स्थिरांकांसाठी बटणं नाहीत, त्यांची नावं आहेत, त्यामुळे लोक ती कुठल्या शब्दांनी शोधतात याची यादी सध्या जमवते आहे.